पाचनची शीशी आणि गिरणीतला गहू

सौंसरला बहिणीच्या घरी खिडकीच्या फळीवर सात शीश्या ओळीने उभ्या होत्या. चार रिकाम्या, दोन अर्ध्या, एक न फोडलेली. कुणाला अननसाचा वास, कुणाला वेलचीचा. सगळी पाचक सिरपं. भाची साडेचार वर्षांची, वजन अकरा किलो. पोट नगाऱ्यासारखे आणि हातपाय तुरीच्या काड्यांसारखे. "एवढ्या शीश्या पाजल्या, पण पोरगी अंगानं भरतच नाही," बहीण म्हणाली. जंताचे औषध तीनदा झाले होते, लोहाचे टॉनिक चालूच होते, आणि गेल्या दिवाळीला नागपुरात रक्त तपासल्यावर कळले की पोरीला सिलिॲक आहे. गहू बंद करा, जन्मभर. त्यावर बहिणीने विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "मग पाचनची शीशी चालू ठेवू की नको?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात तीन वेगळे प्रश्न आहेत. गहू सोडल्यावर आतडे भरून येईपर्यंत पचनाला बाहेरून एन्झाइमची मदत लागते का? लागत असेल तर कोणत्या एन्झाइमची? आणि एन्झाइमची गोळी घेऊन थोडा गहू खाल्ला तर चालतो का? दवाखान्यात या तिन्हींना मिळून एकच उत्तर मिळते, ते म्हणजे "घ्या, काही नुकसान नाही" किंवा "काही गरज नाही". दोन्ही उत्तरे अर्धी आहेत.

आधी आमच्या मुलखाबद्दल. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर तहसील त्यात आली. कागद भोपाळचे झाले तरी आजारी माणूस जातो नागपूरलाच. त्यामुळे इथल्या रुग्णाचा आजार दोन भाषांत वाढतो. गावातला डॉक्टर हिंदीत सांगतो, "गेहूं की एलर्जी है." म्हातारी माणसे म्हणतात, "संग्रहणी लागली." नागपूरचा कागद सिलिॲक म्हणतो. यातला ॲलर्जी हा शब्द सर्वांत घातक, कारण ॲलर्जी म्हटले की माणसाला वाटते, थोडे खाल्ले तर थोडे खाजेल, गोळी घेतली की उतरेल. सिलिॲक तसा नाही. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती गव्हाच्या ग्लूटेनमुळे चिथावते आणि स्वतःच्याच आतड्यावर उलटते. अंगावर एक पुटकुळी नसली तरी आत जाळपोळ चालू असते.

ही जाळपोळ सुरू होते त्याचे मूळ कारणच एन्झाइमशी संबंधित आहे. (शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात, औषधाच्या दुकानात तो शब्द आजवर कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही.) ग्लूटेन या प्रथिनात प्रोलीन आणि ग्लुटामिन ही दोन अमिनो आम्ले ठासून भरलेली असतात. जठरातले पेप्सिन, स्वादुपिंडातले ट्रिप्सिन, कुणालाही प्रोलीनजवळ नीट कापता येत नाही. म्हणजे तुमच्या-माझ्या पोटातसुद्धा पोळी पूर्ण पचत नाही. ग्लूटेनचे काही लांब तुकडे तसेच राहतात. त्यांतला ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या चैतन्य खोसला यांच्या गटाने दाखवून दिला. खोसला मूळचे आयआयटी मुंबईचे. बहुतेकांच्या बाबतीत हा तुकडा निमूट बाहेर जातो. ज्यांच्याकडे डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकीय ठेवण असते त्यांच्यातल्या काहींत तो आतड्याच्या भिंतीत शिरतो, तिथे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे शरीराचेच एन्झाइम त्यात थोडा बदल करते आणि प्रतिकारशक्तीला तो शत्रू वाटू लागतो. निदानाची रक्ततपासणी करतात ती याच ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धच्या प्रतिपिंडांची. कागदावर टीटीजी-आयजीए असे लिहिलेले असते.

दोष गव्हाचा आहे हे कळायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना आधीपासून संशय होता, तो १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात बळावला: पाव मिळेनासा झाल्यावर ही मुले सुधारली. त्यांचा प्रबंध १९५० चा. आपल्याकडे उत्तर भारतातल्या मुलांत हा आजार असल्याचे १९६६ मध्ये छापून आले, तरी बरीच वर्षे तो गोऱ्यांचा आजार समजला गेला. पुढे २०१६ मध्ये तेवीस हजारांवर प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरेत प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत ०.१० टक्के. जिथे गहू जास्त तिथे आजार जास्त, असा ढोबळ मेळ त्यात दिसतो. मध्य भारत त्या पाहणीत नव्हता. पण आमच्या ताटाचा इतिहास बघा. आजीच्या ताटात ज्वारीची भाकर रोजची आणि पोळी सणाची. आईच्या काळात दोन्ही. बहिणीच्या घरी पोळी दोन वेळा, भाकर हुरड्याच्या दिवसांत आठवण म्हणून. शेतातली ज्वारी कपाशी, सोयाबीन आणि संत्र्याने हटवली, रेशनच्या थैलीत गहू आला. पन्नास वर्षांत आम्ही दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकलो, घर न हलवता.

इथे निदान उशिरा होण्याचे आणखी एक कारण आहे. आमच्या भागात मूल पांढरे दिसले की पहिला संशय सिकलसेलचा येतो, आणि तो यायलाच हवा. देशव्यापी सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सुरू झाली ती उगाच नाही. पण सिकलसेलची तपासणी निर्दोष आली, लोहाचे औषध देऊन वर्ष झाले आणि हिमोग्लोबिन हलत नाही, तर लोह शोषणारे आतडेच बिघडलेले असू शकते, हा पुढचा विचार सहसा होत नाही. भाचीचे तेच झाले.

आता मूळ प्रश्न. आतडे बिघडले की एन्झाइमची टंचाई होते, ही गोष्ट खरी आहे. ती दोन ठिकाणी होते. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे बारीक उंचवटे असतात, डॉक्टर त्यांना व्हिलाय म्हणतात. या लवीच्या टोकावर लॅक्टेज असते, दुधातली साखर फोडणारे. सिलिॲकमध्ये लव झडते, तिच्यासोबत लॅक्टेजही जाते. म्हणून नवीन रुग्णाला दूध प्यायले की पोट गुडगुडते, जुलाब होतात, आणि घरच्यांना वाटते की गहू सोडून काही उपयोग झाला नाही. गहू बंद राहिला तर लव परत उगवते आणि दूधही पुन्हा पचू लागते. तोवर दही-ताक चालते, कारण विरजणाने साखर बरीच खाऊन टाकलेली असते. लॅक्टेजचे थेंब आणि गोळ्या मिळतात, हरकत काही नाही; पण ज्या घरात रोज ताक घुसळले जाते तिथे त्यांची गरज क्वचित पडते.

दुसरी टंचाई कमी लोकांना ठाऊक आहे, आणि या लेखाचा खरा विषय तीच आहे. स्वादुपिंड आपणहून रस सोडत नाही. जठरातून अन्न लहान आतड्याच्या तोंडाशी आले की तिथल्या अस्तरातल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन आणि सिक्रेटिन हे निरोप रक्तात धाडतात, आणि मग स्वादुपिंड लायपेज, अमायलेज, प्रोटिएज ही एन्झाइमे ओतते. सिलिॲकमध्ये सर्वांत जास्त नासाडी होते ती नेमकी याच तोंडाशी. निरोप धाडणारेच आजारी, म्हणून धडधाकट स्वादुपिंड गप्प बसते. चरबी न पचता बाहेर पडते. फिकट, तेलकट, चिकट शौच, पाणी टाकूनही भांड्याला धरून राहणारे. वास असा की घरचे नाक दाबतात. भाचीच्या बाबतीत बहिणीने हे सगळे पाहिले होते, पण कुणी विचारले नाही आणि तिने लाजेने सांगितले नाही.

या टंचाईवर बाहेरून एन्झाइम देऊन पाहिल्याचे चांगले अभ्यास आहेत. थोडे आहेत, पण आहेत. इटलीत कारोच्चो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नुकतेच निदान झालेल्या चाळीस बालकांवर प्रयोग छापला: सगळ्यांना ग्लूटेनमुक्त आहार, निम्म्यांना सोबत स्वादुपिंडाचे एन्झाइम, निम्म्यांना तशीच दिसणारी नकली पूड. पहिल्या तीस दिवसांत एन्झाइमवाल्या मुलांचे वजन अधिक वाढले. साठाव्या दिवशी फरक उरला नाही. मला हा या विषयातला सर्वांत बोलका निकाल वाटतो, आणि तो दोन्ही बाजूंनी बोलतो. मदत झाली हे खरे; आणि ती महिन्याभराचीच होती, कारण नंतर आतडेच सावरले, हेही तितकेच खरे.

मोठ्या माणसांत सावरायला जास्त वेळ लागतो. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकच्या २०१० च्या पाहणीत आहार सुरू केल्यावर दोन वर्षांनी फक्त ३४ टक्के प्रौढांचे अस्तर पूर्ववत झाले होते, पाच वर्षांनी ६६ टक्के. इंग्लंडच्या शेफील्डमधल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये असे ६६ सिलिॲक रुग्ण तपासले ज्यांना आहार पाळूनही जुलाब थांबत नव्हते. त्यांतल्या २० जणांत स्वादुपिंडाचे काम कमी निघाले. त्यांना एन्झाइम दिल्यावर अठरा जणांना आराम पडला. दिवसाला चारदा जावे लागे ते एकदावर आले. यात नकली गोळीशी तुलना नव्हती, त्यामुळे निकाल जरा हात राखून वाचायचा. शेफील्डच्याच पुढच्या पाठपुराव्यात कालांतराने स्वादुपिंडाचे काम वाढत गेले आणि निम्म्याहून अधिक जणांना एन्झाइम बंद करता आले.

म्हणजे हिशोब असा निघतो: ज्याच्या स्वादुपिंडाचा रस खरोखर कमी पडतो त्याला एन्झाइम काही आठवडे किंवा महिने कुबडीसारखे उपयोगी पडतात. कमी पडतो की नाही हे ओळखायला शौचाची एक तपासणी आहे, फीकल इलास्टेज. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमतरता, १०० च्या खाली तर जास्तच. दोन बारकावे सांगायला हवेत, कारण पांढुर्ण्याहून नमुना नागपूरला पाठवताना दोन्ही आडवे येतात. शौच पाण्यासारखे पातळ असेल तर आकडा खोटा कमी येतो, म्हणून जुलाबाच्या ऐन भरात नमुना देऊ नये. आणि एन्झाइम आधीच सुरू असले तरी बिघडत नाही. प्रचलित तपासणी माणसाचेच इलास्टेज मोजते, डुकराचे नाही.

डुकराचे म्हणजे? तेच. एन्झाइमच्या कॅप्सूलमधला पॅनक्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेला असतो. नागपूरच्या डॉक्टरांनी हे बहिणीला आधीच सांगितले याबद्दल त्यांचे आभार मानावेत. आमचे घर माळकरी. घरात दोन दिवस चर्चा झाली, शेवटी आजोबांनी तिढा सोडवला: "औषध म्हणून आहे, नैवेद्य म्हणून नाही." कुणी वेगळा निर्णय घेतला तरी तो त्यांचा हक्क, पण माहीत असून घेतलेला असावा.

ही कॅप्सूल घेण्याची रीत नीट पाळली नाही तर पैसा पाण्यात जातो. आतल्या बारीक दाण्यांवर आम्लात न विरघळणारे आवरण असते, कारण जठरातल्या आम्लात लायपेज मरते. दाणे चावायचे नाहीत, कुटायचे नाहीत, गरम दुधात टाकायचे नाहीत. जेवणाआधी अर्धा तास घेऊन उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर किंवा जेवणाच्या मध्ये घ्यायची, अन्नाबरोबर उतरली पाहिजे. लहान मुलाला कॅप्सूल गिळता येत नसेल तर उघडून दाणे आंबटसर पदार्थावर घालून लगेच द्यायचे. सौंसरात यासाठी वेगळा शोध घ्यावा लागला नाही: चमचाभर संत्र्याचा रस, त्यावर दाणे, वरून पाणी. मुलांची मात्रा वजनावर ठरते आणि तिला वरची हद्द आहे. प्रमाणाबाहेर मात्रेने मोठ्या आतड्याला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. तेव्हा शेजारच्या पोराची कॅप्सूल आपल्या पोरीला नको.

खिडकीच्या फळीवरच्या सात शीश्यांत मात्र यातले काहीच नव्हते.

मी एक एक शीशी उजेडात धरून वाचली. बहुतेकांत फंगल डायस्टेज आणि पेप्सिन, एकीत पपेन. डायस्टेज पिष्ट फोडते, पेप्सिन प्रथिने, पपेन कच्च्या पपईचे, तेही प्रथिनांचे. मटण शिजत नसले की आपण पपईची फोड टाकतो, तेच. चरबी पचवणारे लायपेज, ज्याची सिलिॲकच्या रुग्णाला खरी टंचाई असते, ते एकाही शीशीत नाही. पेप्सिन तर आम्लातच काम करते, आणि बहिणीला एका दवाखान्यात पोरीसाठी आम्ल कमी करणारे औषध आणि पेप्सिनचे सिरप एकाच चिठ्ठीवर मिळाले होते. एक हात चूल विझवतो, दुसरा भाताला आधण ठेवतो.

डायस्टेजची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने १८९४ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले आणि टाकाडायस्टेज नावाने ते जगभर विकले गेले. ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवून त्याने ते काढले, आणि बुरशी वाढवली कशावर? गव्हाच्या कोंड्यावर. बुरशीची एन्झाइमे कोंड्यावर वाढवण्याची पद्धत आजही प्रचारात आहे. शुद्ध केलेल्या एन्झाइमात गव्हाचा अंश किती उरतो हे बनवणाऱ्याच्या काटेकोरपणावर अवलंबून, आणि शीशीच्या कागदावर ते लिहिलेले नसते. माल्ट डायस्टेज असेल तर गोष्ट आणखी सरळ आहे: माल्ट म्हणजे मोड आणलेले जव, आणि जवातही ग्लूटेनचा सख्खा भाऊ आहे. सिलिॲकच्या पोरीला पाचक म्हणून चमचाभर जव पाजल्यासारखे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ औषधी मिश्रणांवर बंदी घातली, त्या यादीत अमायलेजपासून माल्ट डायस्टेज, इन्व्हर्टेज, पपेनपर्यंत पंधरा एन्झाइमांचे एक कडबोळे होते. पंधरा एन्झाइम एकाच गोळीत कशासाठी, हा प्रश्न सरकारी समितीलाही पडला म्हणायचा.

अमेरिकेतही याहून वेगळे चित्र नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये तिथल्या दुकानांतली २२ प्रोबायोटिक तपासली, तर १२ मध्ये ग्लूटेनचा अंश सापडला. पूरक म्हणून विकले जाणारे काहीही या घरात येण्याआधी कागद वाचायला हवा, आणि कागद गप्प असेल तर ते आणू नये, एवढे मी बहिणीला सांगून ठेवले आहे.

आता तिसरा प्रश्न, जो पोळ्याच्या दिवशी विचारला जातो. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते, सावरगाव एका बाजूला, पांढुर्णा दुसऱ्या. घराघरात पाहुणे, ताटात पुरणपोळी. कुणी तरी म्हणतेच: "आता तर ग्लूटेन पचवायच्या गोळ्या निघाल्या म्हणे. एक देऊन टाका न पोरीले, खाऊ द्या."

निघाल्या आहेत, हे खरे. ॲस्परजिलस नायजर बुरशीचे एक एन्झाइम आहे, प्रोलीनजवळ कापू शकणारे, आम्लात टिकणारे. स्वीडनमध्ये २०१७ मध्ये ग्लूटेनचा त्रास होतो असे सांगणाऱ्या अठरा जणांना अर्धा ग्रॅम ग्लूटेन असलेली लापशी आणि हे एन्झाइम दिले. लहान आतड्याच्या तोंडाशी पोचणारे ग्लूटेन ८१ टक्क्यांनी घटले. जाहिरातीत हा आकडा मोठ्या अक्षरांत येतो. आपण तो पोळीवर लावून बघू. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असते, प्रयोगातल्या लापशीच्या पाचपट. गोळीने तितक्याच इमानाने काम केले असे धरले तरी पाचएकशे मिलिग्रॅम शिल्लक राहते. आणि सिलिॲकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिले तर आतड्याची लव झडते, हे इटलीतल्या २००७ च्या प्रयोगात दिसले आहे. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक, पोळी लाटताना हाताला लागते तेवढी. गोळी घेऊन खाल्लेल्या एका पोळीत त्याच्या दहापट विष उरते. त्यातही पुरणपोळी कुणी एक खात नाही.

बाजारातल्या इतर ग्लूटेनपाचक गोळ्या याहून दुबळ्या आहेत. डीपीपी-४ नावाचे एन्झाइम डब्यांवर ठळक छापतात. २०१५ मध्ये अशी पाच उत्पादने प्रयोगशाळेत तपासली गेली, तेव्हा प्रतिकारशक्तीला चिथावणारे तुकडे त्यांनी जवळजवळ तसेच सोडले.

औषध म्हणून गंभीरपणे चाललेले प्रयत्न वेगळे. खोसला यांच्या कामातून पुढे आलेले लॅटिग्लुटेनेज दोन एन्झाइमांचे आहे, त्यातले एक जवाच्या कोंबातल्या एन्झाइमवरून घेतलेले: दाणा रुजताना जव स्वतःचे साठवलेले प्रथिन ज्या कात्रीने कापतो तीच कात्री. कल्पना सुंदर आहे. पण ४९४ रुग्णांवरच्या, २०१७ मध्ये छापलेल्या चाचणीत ते नकली औषधापेक्षा सरस ठरले नाही. पुढे २०२२ मध्ये रोज दोन ग्रॅम ग्लूटेन मुद्दाम खायला घालून केलेल्या लहान चाचणीत आतड्याची हानी पुष्कळ कमी दिसली. तरी अशा औषधाचा हेतू नकळत पोटात गेलेल्या अंशापासून राखणे एवढाच आहे, आणि आजवर सिलिॲकसाठी असे एकही औषध मान्य झालेले नाही. पोळ्याच्या पाहुण्याला हे सगळे सांगत बसणे शक्य नसते. बहीण आता फक्त म्हणते, "डॉक्टरनं नाही म्हटलं," आणि पोरीपुढे तांदळाच्या उकडीत पुरण भरून केलेले दिंड ठेवते.

आहार सुरू करून महिने झाले आणि पोट अजून तक्रार करते, तेव्हा एन्झाइमकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासायची असते, आणि ती बहुतेक लोक शेवटी तपासतात. गहू खरोखर बंद झाला आहे का? जगभरच्या पोटविकार विभागांचा अनुभव सांगतो की आहार घेऊनही त्रास राहण्याचे सर्वांत मोठे कारण नकळत पोटात जाणारे ग्लूटेन हेच असते. त्यानंतर दूध, मग स्वादुपिंड, मग लहान आतड्यात माजलेले जंतू, थायरॉइड आणि बाकीचे.

आमच्याकडे तो नकळत गहू कुठून येतो? पहिली गिरणी. बहिणीने गहू बंद केला, ज्वारी आणली, दळण टाकले चौकातल्या चक्कीवर. तिच्या आधी कुणाचे वीस किलो गव्हाचे दळण निघाले होते. चक्कीच्या दगडांत, तोंडाच्या कापडी पिशवीत, खालच्या डब्यात गव्हाचे पीठ चिकटलेले असते. पहिले किलोदोन किलो ज्वारीचे पीठ गव्हाशी सलगी करूनच बाहेर पडते. भाकरीचा रंग ज्वारीचा, पण आत गहू. गिरणीवाल्याला राग न येऊ देता हे सांगणे हीच एक कला आहे. "आमचं दळण सकाळी पहिलं टाका" म्हटले तरी काल रात्री शेवटचे गव्हाचेच गेलेले असते. बहिणीने शेवटी माळ्यावरचे जाते उतरवले, पहिले दोन शेर तांदूळ दळून गाईला घातले, मग ज्वारी. तिचे खांदे दुखतात. तीन किलो दळायला अख्खी सकाळ जाते. ज्यांना जमते त्यांनी घरगुती छोटी चक्की घेतली आहे, फक्त ज्वारी-तांदळासाठी.

दुसरी वाट सणाची. विदर्भाचे स्वयंपाकघर गव्हाचे रूप बदलण्यात पटाईत आहे. रोडगे, बिट्ट्या, लांब पोळ्या हे तर डोळ्यांना दिसतात. पण कुरडई? ती पांढरी, चुरचुरीत, तांदळाची वाटते, आणि असते गव्हाच्या चिकाची. सरगुंडे, शेवया गव्हाच्याच. मारुतीच्या रोडग्यांच्या पंगतीत वांग्याची भाजी आणि वरण चालेल असे वाटते, पण त्याच कणकेच्या हातांनी वाढलेले असते. शाळेत मधल्या सुट्टीत पोळी मिळते; भाची डबा घेऊन जाते आणि बाईंना माहीत आहे, पण मैत्रिणी वाटून घेतात. ती अजून लहान आहे, वाटून घेणे हेच तिला शिकवले जाते.

बाजारात पाकिटबंद ग्लूटेनमुक्त पीठ मिळते. एफएसएसएआयच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असेल तरच पाकिटावर तसे लिहिता येते. पांढुर्ण्यात ते मिळायला कठीण आणि महाग, नागपूरहून आणावे लागते. इथल्या माणसाला खरे तर त्याची गरजही नाही. आमच्या उत्तरेला तामिया-पातालकोटकडचे गोंड आणि भारिया कोदो-कुटकी पिकवतात, ज्वारी अजून शेतात आहे, मका, भगर, राजगिरा दुकानात आहेत. अडचण धान्याची नाही, दळायच्या दगडाची आहे.

भाचीच्या कॅप्सूल नोव्हेंबरमध्ये सुरू झाल्या, इलास्टेज ११० आल्यावर. बहिणीने एक वही घातली: तारीख, वजन, शौच कसे, किती वेळा. संक्रांतीपर्यंत तेलकटपणा गेला. तिळगुळाच्या दिवशी पोरीने पहिल्यांदा ज्वारीची आख्खी भाकर खाल्ली, गुळासोबत. डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली, होळीला बंद. बंद केल्याच्या आठवड्यात बहीण रोज वही उघडून बसे. काही बिघडले नाही. अकरा किलोचे तेरा किलो चारशे झाले.

अक्षय तृतीयेला पुन्हा टीटीजी तपासली. आकडा अर्ध्यावर आला होता, पण सहा महिन्यांत जितका उतरायला हवा तितका नाही. डॉक्टरांनी विचारले, "घरात काय चुकतंय?" बहीण म्हणाली, काहीच नाही, जात्याचे पीठ, वेगळा तवा, वेगळा पोळपाट. परतीच्या बसमध्ये तिला आठवले आणि तिने मला फोन केला. पोरीचे पोट फुगले की सासूबाई तिला हिंग्वाष्टक देत, आणि घरात फोडणीला डबीतले हिंग होते. मी म्हटले, डबी उलटी करून वाच. बस अजून वाटेतच होती, आवाज तुटत होता. घरी पोचल्यावर तिने वाचून दाखवले: डिंक, गव्हाचे पीठ, हिंग. या क्रमाने.

ती डबी आता त्या सात शीश्यांबरोबर बाहेर गेली. खड्याचे हिंग नागपूरहून आणले आहे, तिखट वासाचे, खलबत्त्यात कुटावे लागते. पुढची तपासणी पोळ्यानंतर आहे.